पोपचा शब्द आणि आयर्लंडचे मत

श्रोतेहो, अटलांटिक महासागराच्या काठी आयर्लंड नावाचा छोटासा देश आहे. शेकडो वर्षे तो इंग्रजांच्या अमलाखाली होता. राज्यकर्ते प्रॉटेस्टंट, तर रयत बहुतेक कॅथॉलिक. त्यामुळे आपला धर्म जपणे म्हणजेच आपले आयरिशपण जपणे, अशी तेथल्या माणसाची भावना झाली. रोमचे पोप त्याला घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे वाटत.

स्वतंत्र आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेत कॅथॉलिक चर्चला ‘विशेष स्थान’ मिळाले आणि घटस्फोटाला बंदी आली. १९७२ च्या सार्वमताने हे विशेष स्थान गेले. पण गावची शाळा चर्चच्याच छत्राखाली राहिली, आणि धर्मगुरूंचा शब्दही चालत राहिला.

१९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल तेथे गेले. आयर्लंडला पोपची ही पहिलीच भेट. देशाची वस्ती चौतीस लाखांच्या आतबाहेर, आणि डब्लिनच्या फिनिक्स पार्कात मिस्सेला लोटले दहा लाखांहून अधिक लोक! ड्रोहेडा येथे त्यांनी उत्तरेतील बंदूकधाऱ्यांना हिंसा सोडण्याची कळकळीने विनवणी केली. बंदुका मात्र थांबल्या नाहीत. समझोता व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. घरगुती बाबतीत चर्चचे वजन अजून होते. १९८३ मध्ये लोकांनी गर्भपातबंदी घटनेत घातली, १९८६ मध्ये घटस्फोट नाकारला.

मग पालटले काय? एक म्हणजे शिक्षण. १९६७ पासून माध्यमिक शाळा मोफत झाल्या, शेतकऱ्यांची मुलेमुली शिकू लागली. १९७३ मध्ये देश युरोपच्या सामायिक बाजारपेठेत शिरला. त्याच साली, लग्न होताच सरकारी नोकरी सोडण्याची बायकांवरची सक्ती उठली.

परंतु खरा घाव बसला तो विश्वासावर. धर्मगुरूंनी आणि धर्मसंस्थांनी मुलांवर केलेले अत्याचार उघड झाले. २००९ मधील दोन चौकशी अहवालांनी दाखवून दिले, की वरिष्ठांनी पुष्कळ गोष्टी झाकून ठेवल्या होत्या. २०१० मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आयरिश कॅथॉलिकांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. पण मुलांचे बालपण पत्राने थोडेच परत येते?

१९९५ मध्ये अवघ्या नऊ हजारांच्या मताधिक्याने घटस्फोट मान्य झाला होता. २०१८ च्या मे महिन्यात सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी गर्भपातबंदी उठवली. त्याच ऑगस्टात पोप फ्रान्सिस आले, तेव्हा फिनिक्स पार्कात दोन लाखही माणसे नव्हती. स्वागताच्या भाषणातच पंतप्रधान लिओ वराडकर यांनी शब्दांमागे कृती यावी, असे पोपना सुनावले. त्यांचे पितृघराणे आपल्या मालवण तालुक्यातील वराडचे.

तरीही २०२२ च्या जनगणनेत शंभरातील एकोणसत्तर जणांनी स्वतःला कॅथॉलिकच म्हटले, आणि बहुतेक प्राथमिक शाळा आजही चर्चच्या छत्राखाली आहेत. श्रद्धा अगदीच गेली असे नाही, हुकमत गेली. शिक्षकबंधूंनो, ज्याच्या स्वाधीन लोक आपली मुले करतात, त्याचा अधिकार किती उंच पदावरून येतो, हे शेवटी कोणी पाहत नाही. मूल त्याच्यापाशी सुखरूप राहिले का, एवढेच लोक पाहतात.