टोल रस्त्याचा की वेगाचा?

पनवेलमधून गाडी बाहेर काढली की कुठला ना कुठला टोल नाका आडवा येतोच. पुण्याला द्रुतगती मार्गाने निघालात तर खालापूर, जुन्या हायवेने गेलात तर शेडुंग, मुंबईकडे वळलात तर सायन-पनवेल महामार्गावरचा खारघर-कामोठ्याचा नाका, आणि २०२४ पासून चिर्ल्याकडून अटल सेतू. त्यामुळे टोल या विषयावर मत नसलेला पनवेलकर शोधून सापडणार नाही. मते ठाम असतात, पण त्यांतली बरीचशी एका चुकीच्या गृहीतकावर उभी असतात. ते गृहीतक म्हणजे, टोल हा वेगाचा मोबदला आहे.

“एवढे पैसे मोजतो, मग वेग मिळायलाच हवा”

यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो आणि साडेचौऱ्याण्णव किलोमीटरवर किवळे-देहूरोडला संपतो. सहा पदरी काँक्रीटचा हा रस्ता २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. मोटारीचा टोल १ एप्रिल २०२३ रोजी २७० वरून ३२० रुपयांवर गेला. तो लांबच्या सुट्टीच्या शनिवारी सकाळी आठला जेवढा, तेवढाच मंगळवारी पहाटे दोनला. पहिला गाडीवाला घाटात तासभर क्लच दाबत बसतो, दुसरा निवांत निघून जातो, आणि दोघांच्या खात्यातून कटणारी रक्कम सारखीच. याचे कारण साधे आहे. हा टोल बांधकामाचा खर्च, कर्ज, देखभाल आणि कंत्राटाचा हिशेब यांतून ठरला आहे. रस्त्यावर त्या घटकेला किती गाड्या आहेत, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

वेग विकणारे रस्ते जगात आहेत, पण त्यांचे गणित वेगळे असते. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत स्टेट रूट ९१ या तुंबलेल्या महामार्गाच्या मधल्या पट्ट्यात डिसेंबर १९९५ मध्ये सुमारे सोळा किलोमीटरच्या चार टोल लेन सुरू झाल्या, येण्याच्या दोन आणि जाण्याच्या दोन. शेजारच्या लेन पूर्वीसारख्याच फुकट राहिल्या. टोलच्या लेनचा दर तासागणिक वेगळा असतो आणि गर्दीच्या तासाला तो सणसणीत चढतो. हेतू कमाईचा असतोच, पण आधी माणसे गाळण्याचा असतो. एका लेनमधून तासाला साधारण दोन हजार मोटारी जाऊ शकतात. मात्र आकडा त्या टोकाजवळ गेला की एखाद्याने जरासा ब्रेक लावला तरी मागची सगळी रांग थबकते, आणि मग दोन हजारच काय, दीड हजारही पुढे सरकत नाहीत. म्हणून तिथे लेनमागे तासाला सोळाशेच्या आसपास गाड्या झाल्या की पुढच्या दरपत्रकात त्या तासाचा दर वाढवण्याचा विचार होतो. सान दिएगोच्या आय-१५ मार्गावर १९९८ पासून दर क्षणाक्षणाच्या गर्दीवर ठरू लागला. सिंगापूरने तर १९७५ मध्येच शहराच्या गाभ्यात शिरायला पैसे लावले आणि १९९८ पासून ती वसुली इलेक्ट्रॉनिक केली.

म्हणजे तिकडे दर वाढवून गाड्या मर्यादेत ठेवल्या जातात. आपल्याकडे दर ठरलेला आणि गाड्यांना मर्यादा नाही. अशा रस्त्यावर पैसे भरून वेगाची हमी मिळणार कशी?

“फास्टॅगची लेन म्हणजेच एक्स्प्रेस लेन”

नाही. फास्टॅगमुळे नाक्यावर सुटे पैसे आणि पावती यांत जाणारा वेळ वाचतो, बस्स. बूमच्या पलीकडे गेलात की तुम्ही पुन्हा त्याच तीन लेनमध्ये असता. राज्याच्या नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा ‘आता कोंडी संपली’ असे संदेश बरेच फिरले. नाक्यावरची रांग आटोपती झाली, तर त्या गाड्या घाटाच्या तोंडाशी थोड्या लवकर पोचतात. यापलीकडे कोंडीचे काही बिघडत नाही.

“सगळा खोळंबा नाक्यामुळे होतो”

हा सगळ्यांत चिवट गैरसमज. नाका डोळ्यांना दिसतो, तिथे माणूस असतो, त्याच्यावर ओरडता येते. घाटावर कोणाला ओरडणार?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग सहा पदरी आहे आणि त्याच्याशी लपंडाव खेळत जुना महामार्ग चार पदरी येतो. खोपोली एक्झिटच्या पुढे घाट चढताना हे दोन्ही रस्ते एकत्र होतात, आणि दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत कोंबली जाते. सपाटीवर तीन लेन पुरल्या असत्या, पण इथे चढ आहे, वळणे आहेत, बोगदे आहेत. जेएनपीए बंदरातून माल भरून निघालेला कंटेनर इथे रांगत चढतो. तेवढ्यावर भागत नाही. त्याच्या मागचा ट्रेलर ताशी दोन-तीन किलोमीटरने जास्त पळतो म्हणून त्याला ओव्हरटेक करायला मधल्या लेनमध्ये येतो, तिसरा उजव्या लेनमध्ये, आणि तिघे मिळून रस्त्याची अक्षरशः भिंत करतात. अवजड वाहनांनी डाव्या लेनमध्येच चालायचे असा नियम आहे. तो पाळला जावा म्हणून २०२४ मध्ये द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली आणि लेन तोडणाऱ्याला घरी चलन येते. पण ज्याचे इंजिनच घाटात दम तोडते, त्याला चलनाने पुढे ढकलता येत नाही. सुट्टीच्या दिवशी अमृतांजन पुलाच्या जागेजवळ काच खाली केली की जळक्या क्लच प्लेटचा वास येतो. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या दोन-चार मोटारी तर ठरलेल्याच. अशी एक गाडी लेनमध्ये बंद पडली की तीनच्या दोन होतात. (तो पूल १८३० चा. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना तो पाडला. त्याच्या खांबांमुळेही अडचण व्हायची.)

गर्दी फारच झाली की बोरघाटचे महामार्ग पोलीस एक जुना उपाय करत आले आहेत. मुंबईकडे येणारी वाहतूक दहा-पंधरा मिनिटे रोखायची आणि पुण्याकडच्या गाड्या दोन्ही बाजूंच्या लेनमधून सोडायच्या. सान दिएगोत गर्दीच्या दिशेनुसार फिरणाऱ्या लेन फाटक आणि सिग्नल लावून रीतसर बांधल्या होत्या. आपल्याकडे तेच काम चार हवालदार शिट्टीवर करतात. त्यांचे कौतुकच करायला हवे, पण याला वाहतुकीचे नियोजन म्हणता येणार नाही.

द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’ या नव्या पर्यायी रस्त्याची आखणी नेमकी या दुखण्यावर आहे. खोपोली एक्झिट ते कुसगाव हे साधारण १९ किलोमीटरचे अंतर १३.३ किलोमीटरवर आणायचे, सुमारे पावणेदोन आणि पावणेनऊ किलोमीटरहून लांब असे दोन बोगदे, मध्ये खोल दरीवर केबल-स्टेड पूल, आणि खर्च ६,६०० कोटींच्या वर. काम २०१९ मध्ये सुरू झाले आणि पूर्ततेच्या तारखा पुन्हा पुन्हा पुढे गेल्या. बोलताना सगळे सहा किलोमीटर वाचतात हे सांगतात. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की दोन महामार्गांची ही जबरदस्तीची सोयरीक त्यामुळे मोडते.

“रस्त्याचा पैसा कधीच वसूल झाला, आता टोल बेकायदा आहे”

यात अर्धे खरे आहे आणि तेच अर्धे झोंबते. रस्ता बांधायला सुमारे १,६३० कोटी लागले. २००४ मध्ये रस्ते विकास महामंडळाने टोल वसुलीचे हक्क पंधरा वर्षांसाठी आयआरबी या रस्ते बांधणाऱ्या समूहाच्या कंपनीला दिले आणि ९१८ कोटी रुपये आगाऊ घेतले. ती मुदत ऑगस्ट २०१९ मध्ये संपली. तेव्हा टोल बंद होईल अशी अनेकांची समजूत होती. झाले उलटेच. २०२० मध्ये नवे कंत्राट निघाले, ८,२६२ कोटींचे, २०३० पर्यंतचे, आणि ते पुन्हा आयआरबीकडेच गेले.

बेकायदा का नाही? कारण कंत्राटाची मुदत आणि टोलची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यातला टोल महाराष्ट्र मोटार वाहन कर कायद्याच्या कलम २० खाली, सरकारच्या अधिसूचनेने लागतो. अधिसूचना जिवंत असेपर्यंत टोल जिवंत. कंत्राटदार बदलला किंवा पहिला खर्च निघाला, म्हणून तो आपोआप मरत नाही. सरकारचे म्हणणे असे की हा पैसा पुढच्या कामांना लागतो. ते समजू शकते. पण मग जुन्या रस्त्याचा टोल नव्या बोगद्यासाठी आहे, हे नाक्यावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहायला हरकत काय होती? लोकांचा राग रकमेपेक्षा या आडपडद्यावर जास्त आहे, असे मला वाटते.

खारघरची गोष्ट याच्या नेमकी उलटी. सायन-पनवेल महामार्गाचे रुंदीकरण खासगी कंत्राटदाराकडून झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये नाका सुरू झाला. रोज वाशी-बेलापूरला जाणारा कामोठ्याचा माणूस घराबाहेर पडताक्षणी टोल भरणार, याची चीड इतकी की त्याआधीच पनवेलचे आमदार प्रशांत ठाकूर यांनी त्या मुद्द्यावर काँग्रेस सोडली होती. जून २०१५ पासून सरकारने राज्यातल्या अनेक नाक्यांवर मोटारी आणि एसटीला सूट दिली, त्यात खारघरही आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलकी वाहने मोकळी झाली. लोक याला ‘टोल रद्द झाला’ म्हणतात. कंत्राट असताना सूट दिली की भरपाईचा प्रश्न उरतोच, आणि ती सरकारी तिजोरीतून जाते. तिथे पैसे गाडी नसलेल्याचेही असतात.

“मग एक लेन वेगळी काढा, रंग मारा, झाले!”

सायन-पनवेलवर किंवा पुढे रुंद होईल तेव्हा द्रुतगती मार्गावर अशी टोलची वेगळी लेन काढावी ही सूचना अधूनमधून ऐकू येते. कागदावर ती सोपी दिसते. पण सायन-पनवेलवर वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, उरण फाटा, बेलापूर, खारघर, कामोठे, कळंबोली असे फाटे थोड्या थोड्या अंतरावर आहेत. कडेला एनएमएमटीची बस थांबते, रिक्षा घुसते. सरळ पनवेलला जाणारा आणि नेरूळला उतरणारा एकाच डांबरावर. टोल लेनमध्ये शिरायच्या आणि निघायच्या जागा मोजक्याच ठेवाव्या लागतात. नाहीतर प्रत्येक फाट्यावर गाड्या सटासट आडव्या येणार आणि ती लेन शेजारच्यांइतकीच रखडणार. पांढऱ्या पट्ट्याला आपल्याकडे कोण जुमानतो? म्हणजे कठडा हवा. कठडा आला की आत बंद पडलेली गाडी बाजूला घ्यायला शोल्डर हवा, क्रेन आत यायला फट हवी. एका लेनसाठी जवळजवळ दोन लेनची रुंदी जाते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे असलेली फुकट लेन काढून टोलची केली तर उरलेल्यांचे हाल वाढतात. म्हणून अशा लेन बहुतेक ठिकाणी नव्याने बांधलेल्या किंवा फक्त जास्त प्रवासी असलेल्या गाड्यांसाठी राखीव असलेल्या पट्ट्यात काढल्या जातात. द्रुतगती मार्गाच्या रुंदीकरणाचे प्रस्ताव निघत असतात. असा प्रश्न विचारायची वेळ तीच, रस्ता बांधून झाल्यावर नाही.

करारही डोळ्यांत तेल घालून वाचावा लागतो. स्टेट रूट ९१ च्या खासगी कंपनीने करारात असे कलम घालून घेतले होते की शेजारच्या फुकट लेन सरकारने वाढवायच्या नाहीत. कोंडी असेल तरच तिचा धंदा चालणार! पलीकडच्या रिव्हरसाइड काउंटीतली वस्ती वाढत गेली, सरकारला रस्ता सुधारायचा होता आणि कलम आडवे आले. कोर्टकचेरी झाली. शेवटी २००३ मध्ये ऑरेंज काउंटीच्या वाहतूक संस्थेने साडेवीस कोटी डॉलरहून जास्त मोजून त्या लेनच विकत घेतल्या.

“हे श्रीमंतांचे चोचले”

काही अंशी हो. जास्त कमावणारा माणूस अशी लेन जास्त वेळा वापरतो, हे तिकडच्या अनुभवातही दिसले. पण बहुतेक जण ती रोज वापरत नाहीत. विमान गाठायचे आहे, पाळणाघरातून मूल आणायचे आहे, अशा दिवशीच वापरतात. न्यायाचा खरा प्रश्न बसचा आहे. मोकळ्या ठेवलेल्या लेनमधून पनवेल डेपोची एसटी आणि शिवनेरी आधी धावणार असेल, तर मोटारवाल्याच्या पैशाने बसच्या चाळीस माणसांचा वेळ वाचेल. तसे नसेल तर ‘चोचले’ हा शब्द मागे घ्यायची गरज नाही.

नाक्यावर वाद घालण्यापूर्वी

दोनशे फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास १५ ऑगस्ट २०२५ रोजी तीन हजार रुपयांत सुरू झाला, पण तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग हे राज्याचे. तिथे पास असला तरी पूर्ण टोल कटतो. ‘पिवळ्या पट्टीच्या मागे शंभर मीटर रांग गेली तर टोल माफ’ हा नियम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ मध्ये स्वतःच्या नाक्यांसाठी काढला होता आणि २०२४ मध्ये मागेही घेतला. उपग्रहाने टोल कापण्याची पद्धत १ मे २०२५ पासून देशभर लागू होणार, हा संदेशही खोटा होता, केंद्रीय मंत्रालयानेच तसा खुलासा केला. विजेवरच्या मोटारींना द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर राज्याच्या २०२५ च्या धोरणाने माफी आहे, ती मात्र खरी. आणि गणपतीला कोकणात निघालेल्यांना मिळणारी माफी तोंडी सांगून मिळत नाही. त्यासाठी आरटीओ किंवा पोलिसांकडून पास काढून तो काचेवर लावावा लागतो.