पाणी जड की दूषित?

मुंबईची तहान शहापूर तालुका भागवतो. तानसा धरण १८९२ चे. पुढे भातसा आले आणि आज मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी तिथूनच जाते. तरीही याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरपुढे लागलेली हंड्यांची रांग मी पाहत आलो आहे. शेजारच्या मुरबाडमध्येही तेच.

धरणातले पाणी पावसाचे, म्हणून मृदू. बोअरवेलचे पाणी मात्र खडकातून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येते. मग डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो. गृहिणी धास्तावते. पण जड पाण्याने सहसा कुणी आजारी पडत नाही. दुसरी सोय नसेल तर लिटरमागे ६०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा भारतीय मानकालाही चालतो.

घात करतात ते न दिसणारे जंतू. तुरटीने गाळ बसतो, जंतू उरतातच. म्हणून पाणी गाळावे, खळखळून उकळावे, झाकून ठेवावे. आरओ यंत्र जडपणा काढते खरे, पण बरेच पाणी मोरीत सोडते. जिथे हंडा डोक्यावरून येतो, तिथे ही चैन कशी परवडावी? तेव्हा आधी पाणी तपासून घ्या. यंत्राचे नंतर बघू.