किल्लीशब्दाचं कोडं: अक्षरांची अदलाबदल मराठीत कशी करावी आणि कशी सोडवावी

(साताऱ्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. फळ्यावर लिहिलेल्या ओळी मजकुरातच घेतल्या आहेत.)

सुरुवात एका वाक्यानं करतो. 'चलाम चहाच चवाह.' कोणाला कळलं? पहिल्या रांगेतल्या आजी हसतायत, म्हणजे त्यांना कळलं. मला चहा हवा. ही आपली लहानपणची 'च'ची भाषा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं आणि त्याच्या जागी 'च' बसवायचा. काना-मात्रा जागच्या जागी.

या भाषेत किल्ली नाही, फक्त युक्ती आहे. मोठ्या भावंडाला युक्ती कळली की गुपित संपलं. आज आपण जे कोडं करणार आहोत, त्याची युक्ती सगळ्यांना माहीत असली तरी चालते. लपवायचा असतो तो एक शब्द. त्याला मी किल्लीशब्द म्हणतो.

कोड्याकडे जाण्याआधी याच जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगतो, कारण अक्षरं बदलून लिहिणं हा आपल्याकडे नुसता पोरखेळ नव्हता. फलटण हे महानुभाव पंथाचं मोठं क्षेत्र, दक्षिण काशी म्हणतात त्याला. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. सकळ लिपीचं श्रेय १४ व्या शतकातल्या रवळोबासांना दिलं जातं. तत्त्व तेच: एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण. किल्ली पंथातल्या लोकांकडे. परिणाम असा झाला की १२७८ च्या सुमाराचं 'लीळाचरित्र', म्हणजे मराठी गद्याचा आद्य ग्रंथ, बाहेरच्या मराठी वाचकाला शतकानुशतकं बंद राहिला. २० व्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे हे साहित्य उजेडात यायला लागलं आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास पुन्हा लिहावा लागला. किल्ली जपणारी माणसं होती म्हणून ते झालं. ती नसती तर काय, हा विचार मनात ठेवा.

आता कोडं करूया. इंग्रजी पुस्तकात २६ अक्षरांचा तक्ता असतो, तो आपल्या कामाचा नाही. आपण फक्त व्यंजनं बदलायची. स्वर, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, सगळं तसंच ठेवायचं. ङ आणि ञ वगळले, कारण सुटे ते फारसे येत नाहीत. उरली ३२:

क ख ग घ च छ ज झ ट ठ ड ढ ण त थ द ध न प फ ब भ म य र ल व श ष स ह ळ

ही वरची ओळ. खालच्या ओळीत आधी किल्लीशब्दाची व्यंजनं लिहायची, एक अक्षर एकदाच. मग उरलेली व्यंजनं नेहमीच्या क्रमानं. समजा आपण साताऱ्याचे, म्हणून किल्ली घेतली 'अजिंक्यतारा'. त्यातली व्यंजनं ज क य त र. खालची ओळ अशी होते:

ज क य त र ख ग घ च छ झ ट ठ ड ढ ण थ द ध न प फ ब भ म ल व श ष स ह ळ

आता 'सातारा' लिहून बघा. 'साडामा'. छान वाटतं. 'सांगली' लिहा. 'सांयली'. हे काय झालं? फक्त ग बदलला! शेवटाकडे बघा: ल खाली ल, व खाली व, स खाली स, ह खाली ह. किल्लीतली पाचही अक्षरं 'र'पर्यंतच संपली, त्यामुळे पुढची सातही जागेवर राहिली. 'आहे' तर 'आहे'च. किल्ला मजबूत, किल्ली कच्ची. म्हणून किल्लीशब्दात ह किंवा ळ असावा, शक्यतो दोन्ही. मग शेपूट हलतं. पहिल्यांदा कोडं करणारे इथेच चुकतात, मीही चुकलो होतो.

मी एक बरी किल्ली घेऊन कोडं केलंय. किल्ली सांगत नाही. वहीत उतरवून घ्या:

णडी आढी पाशुभीभा फेटे. टिठे मेझ्झा नेखटे. सबाछभा सोफणा नेखटे. शबितूबभा माबझा नेखटे.

मधेच 'फेटे' आलंय, तो योगायोग, फसू नका.

कुठून सुरुवात करायची? ९ व्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं लिहून ठेवलंय की अक्षरं मोजा, भाषेत जे अक्षर जास्त येतं ते कोड्यातही जास्त येणार. शेरलॉक होम्सही नाचणाऱ्या माणसांच्या गोष्टीत तेच करतो, १९०३ ची गोष्ट ती. पण तेरा शब्दांच्या कोड्यात मोजणीवर फार विसंबता येत नाही. मराठीत त्याहून चांगली वाट आहे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे शब्दांची शेपटं बघायची.

चारही वाक्यं 'टे'वर संपतात. येते, जाते, असते, असं काहीतरी. म्हणून ट म्हणजे त. तीन लांब शब्द 'भा'वर संपतात. ला, चा, ना यातलं काहीतरी. पहिल्यात 'भीभा' आहे, म्हणजे तेच व्यंजन दोनदा. सांगलीला, दापोलीला असे शब्द आठवा: 'लीला' बसतं. भ म्हणजे ल. आता 'पाशुभीभा' झालं 'कायतरी-आ, कायतरी-उ, लीला'. बोला!

(श्रोत्यांतून: "माहुलीला!")

साताऱ्यात हे उत्तर लगेच येतं. गंमत म्हणजे हेच कोडं मी सांगलीत दिलं तेव्हा माहुली कोणालाच सुचेना. तिथे शाळेतल्या एका मुलीनं शेवटच्या वाक्याला हात घातला. 'शबितूबभा': दुसरं आणि चौथं व्यंजन एकच, दुसऱ्याला ऱ्हस्व वेलांटी, तिसऱ्याला दीर्घ उकार, शेवटी ला. ती म्हणाली, "सर, हरिपूरला." सांगलीकराला हरिपूर, सातारकराला माहुली. कोडं तेच, दार वेगळं. म्हणून कोडं करताना ते कोणासाठी करतोय ते आधी ठरवा. सोडवणाऱ्याच्या ओळखीचं एक तरी नाव आत असलं पाहिजे, नाहीतर तो कंटाळून उठून जाईल आणि चूक तुमची असेल.

माहुलीवरून प म्हणजे म आणि श म्हणजे ह मिळाला. आता आजच्या व्याख्यानातली खरी गोष्ट. वरच्या ओळीत म आणि ल यांच्यामध्ये दोन घरं आहेत, य आणि र. खालच्या ओळीत म खाली प आहे, ल खाली भ आहे. प आणि भ यांच्यामध्ये क्रमानं कोण येतं? फ, ब. तीही दोनच. म्हणजे य खाली फ आणि र खाली ब. अंदाज नाही, नुसती मोजणी! 'फेटे' झालं 'येते'. 'शबितूबभा' झालं 'हरि, कायतरी-ऊ, रला'. सांगलीची मुलगी बरोबर होती. त म्हणजे प.

आता त खाली ट आणि प खाली त. खालच्या ओळीत ट आणि त यांच्यामध्ये ठ ड ढ ण, चार. वर त आणि प यांच्यामध्ये थ द ध न, चार. तंतोतंत. एका फटक्यात 'णडी आढी' म्हणजे 'नदी आधी', आणि 'टिठे' म्हणजे 'तिथे'.

पुढे बघा. वर प ते म यांच्यामध्ये फ ब भ अशी तीन घरं. खाली त ते प यांच्यामध्ये थ द ध न अशी चार अक्षरं. एक अक्षर जास्त आहे. ते कुठे गेलं? किल्लीत! कोणतं ते अजून माहीत नाही, पण न नाही, कारण न कोड्यात 'नेखटे'मध्ये दिसतोय आणि तो किल्लीत धरला तर शब्द नीट लागत नाही. न क्रमात शेवटचा, म्हणून तो भ खाली. 'नेखटे' म्हणजे 'भे, कायतरी, ते'. भेटते! ट खाली ख. 'मेझ्झा', 'माबझा' आता माझ्याशिवाय सोडवा. एवढंच सांगतो की वेण्णा माहुलीला भेटते, कोयना कराडला, वारणा हरिपूरला. नकाशा डोळ्यासमोर असला की झालं.

वाक्य सुटलं, पण मला त्याहून किल्ली काढण्यात मजा वाटते. 'कराडला'वरून क खाली स आणि ड खाली छ. म्हणजे किल्लीशब्द 'स'नं सुरू होतो. ट खाली ख आणि ड खाली छ, मध्ये ठ चं एकच घर. पण ख आणि छ यांच्यामध्ये ग घ च ही तीन. दोन किल्लीत गेली. थ द ध यातलं एक गेलं, ते आपण पाहिलं. ल आणि ह यांच्यामध्ये घरं चार, भ आणि श यांच्यामध्ये म य र ल व ही पाच अक्षरं, म तर 'वेण्णा'त दिसला. म्हणजे उरलेल्या चारातलं एक गेलं. 'ह'नंतर घर एकच, आणि 'श'नंतर ष स ह ळ अशी चार अक्षरं. तीन गेली, त्यातला स आपल्याला सापडलाच आहे. एकूण सात. आणि ट खाली ख असेल तर झ खाली क, त्याआधी बरोबर सात घरं. हिशोब जुळला.

'स'नं सुरू होणारी सात व्यंजनं, त्यात बहुतेक ह आणि ळ. सांगलीत इथपर्यंत येईपर्यंत अर्ध्या सभागृहानं ओरडून सांगितलं होतं. सांगलीची हळद! स ग ल च ह ळ द. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली हळद, तिथे कोण विसरणार.

तेव्हा एका काकांनी विचारलं होतं, "मग बँकेचा पासवर्ड असा लिहून ठेवला तर?" नको काका. आत्ता आपण काय केलं बघा. दोन नावं आणि एक क्रियापद ओळखलं, बाकी सगळं मोजून काढलं. किल्लीशब्दाची सोय अशी की ३२ अक्षरांचा तक्ता पाठ करावा लागत नाही, एक शब्द लक्षात ठेवला की पुरे. आणि त्याच सोयीमुळे उरलेली अक्षरं ओळीनं उभी राहतात आणि फितूर होतात. तक्ता पूर्ण विस्कटून लिहिला तर हे मोजमाप चालत नाही, पण मग तो कागद जपावा लागतो. कागद हरवला की तुमचंही कुलूप बंद. शिवाय मात्रा आपण उघड्या ठेवल्यात, तेही निम्मं गुपित सांगतं.

दोन बारीक गोष्टी. जोडाक्षरात र आला की रफार होतो आणि वाचणारा गोंधळतो. 'कृष्णा'चं या किल्लीत 'सृर्झा' होतं. म्हणून मी नदीचं नावच टाळलं. सुरुवातीला जोडाक्षरं कमी ठेवा. 'ज्ञ' आला तर तसाच राहू द्या. आणि कोडं दुसऱ्याला देण्याआधी स्वतः एकदा उलट सोडवून बघा. एक अक्षर चुकलं तर सोडवणारा तासभर तुमच्या चुकीशी भांडत बसतो.

घरी न्यायला एक कोडं देतो. किल्ली सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव. पहिल्या दोन वाक्यांचे शेवट बघा, तिसऱ्यात त्याचंच अनेकवचन आहे.

फाईपा बछढजी आषे. लांबपीपा बछढजी आषे. टोळेषी डटीमागी आषेज.