गुण मिळाले, पण उमगले का?

आपल्या समाजातील मुले-मुली आज बी.एस्सी.ला जातात, ही अभिमानाची गोष्ट आहे. निकाल लागला की आपण पेढे वाटतो. परंतु उत्क्रांतीच्या धड्यावर चांगले गुण मिळाले म्हणजे उत्क्रांती समजली, असे नाही. गुण पाठांतरानेही मिळतात.

हे ओळखून अमेरिकेतील अँडरसन, फिशर व नॉर्मन या अभ्यासकांनी २००२ साली नैसर्गिक निवडीवर २० प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. तिची खुबी चुकीच्या पर्यायांत आहे. विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजुतीच तेथे पर्याय म्हणून दिल्या आहेत. त्यामुळे विद्यार्थी चुकला एवढेच नव्हे, तर का चुकला हेही शिक्षकांना कळते.

गॅलापॅगोस बेटांवर १९७७ साली दुष्काळ पडला. बारीक बिया संपल्या, मोठ्या व टणक उरल्या. पुढच्या पिढीतील फिंच पक्ष्यांच्या चोची सरासरीने मोठ्या निघाल्या. का? ‘गरज पडली म्हणून चोच वाढली,’ असे पुष्कळ विद्यार्थी सांगतात. ते चूक आहे. मोठ्या चोचीचे पक्षी आधीपासूनच होते. तेच अधिक तगले आणि त्यांची पिले त्यांच्यासारखी निघाली.

याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. क्षयाची औषधे बरे वाटताच सोडणारे रुग्ण आपल्या वस्त्यांत आहेत. पुढे औषध लागू पडेना की ‘अंगाला सवय झाली’ म्हणतात. सवय अंगाला होत नाही. असंख्य जंतूंत थोडे मुळातच औषधाला दाद न देणारे असतात. उपचार अर्धवट राहिला की बाकीचे मरतात, हे उरतात, वाढतात आणि घरातल्या लेकरालाही जडतात. म्हणून डॉक्टर सांगतील तितके महिने गोळ्या पुऱ्या करायच्या.

दुसरी गैरसमजूत म्हणजे उत्क्रांती ही शिडी आहे, वरचा श्रेष्ठ आणि खालचा कनिष्ठ. असली शिडी आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे! विज्ञान सांगते की उत्क्रांती फांद्या फुटलेल्या झाडासारखी आहे आणि सर्व माणसे एकाच जातीचे प्राणी आहेत. जातिभेद हा वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ठणकावून सांगितले होते.

२०२३ साली एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळलेला दिसला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेध केला. शाळेत जे गळते, ते घरी व विहारात भरून काढणे आपल्या हाती आहे.

भगवान बुद्धांनी कालामांना पारखून घ्यायला शिकवले. तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आज एवढेच विचारू या : जंतू औषधाला दाद का देत नाहीत? आजीला समजेल असे तिने सांगितले, तर ती खरी पास झाली.

जयभीम!