वोर्रेई म्हणा, निवांत जेवा!

इटलीतल्या हॉटेलात शाकाहारी माणसानं उपाशीही राहू नये आणि फसूही नये, यासाठीचा हा झटपट क्रॅश कोर्स...

इटालियन फूड म्हणजे आता आपल्या घरचंच कार्य! शुक्रवारी रात्री ऑफिसात पिझ्झा मागवायचा, बर्थडेला व्हाइट सॉस की रेड सॉस यावर तासभर वाद घालायचा, असं सगळं आपण करतोच. त्यामुळे प्रोजेक्टसाठी तीन महिने मिलानला जायचं ठरलं, तेव्हा टीममधल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच, 'तुझं काय बाई, चंगळ आहे!' आईला मात्र वेगळीच धास्ती. 'विचारून खा गं. व्हेज म्हणून काय समोर ठेवतील, नेम नाही.'

आईचा मुद्दा एकदम करेक्ट. पण विचारायचं कुठल्या भाषेत? मिलानच्या कॅथीड्रलच्या आसपास इंग्रजी चालून जातं. ऑफिसजवळच्या साध्या 'त्रात्तोरिया'त, म्हणजे आपल्याकडच्या खानावळीच्या जरा वरच्या पायरीवरच्या हॉटेलात, दुपारी एक वाजता सगळा कारभार इटालियनमध्येच. मेन्यू फळ्यावर खडूनं लिहिलेला. मोबाइलचा कॅमेरा त्यातले शब्द वाचून दाखवतो, नाही असं नाही. पण भात कसल्या पाण्यात शिजवलाय, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं. म्हणून मी पहिल्या आठवड्यातच ठरवलं, भाषा राहू दे, निदान जेवण मागवण्यापुरतं इटालियन आलंच पाहिजे.

चहातला च, चमच्यातला च

गुड न्यूज अशी, की मराठी माणसाचा अर्धा अभ्यास आधीच झालेला असतो. इंग्रज लोकांना जो मऊ, दातांना जीभ लावून म्हणायचा 'त' जमत नाही, तो आपल्याला आईच्या पोटातून येतो. शिवाय आपल्याकडे 'च' दोन. चहातला आणि चमच्यातला. इटालियनमध्येही दोन्ही आहेत! 'काप्पुच्चीनो'तला च चहाचा. 'पिझ्झा' मात्र खरं तर चमच्यातल्या च-नं म्हणायचा, साधारण 'पीत्सा' असा. 'ग्रात्सिए', म्हणजे थँक्यू, हासुद्धा तसाच.

दुसरा फंडा जोडाक्षरांचा. 'पता' आणि 'पत्ता' यातला फरक ज्याला कळतो, त्याला इटालियनची निम्मी लढाई सोपी. 'पेन्ने' म्हणताना न वर नीट जोर द्या. एकच न उच्चारलात, तर पास्त्याऐवजी पुरुषाच्या भलत्याच अवयवाची ऑर्डर जाते आणि वेटर हसू दाबत किचनकडे पळतो! आणि हो, ते 'ब्रुशेटा' नाही, 'ब्रुस्केत्ता'. सी-एच आलं की क, हा नियम एकदा डोक्यात बसला की फळा भराभरा वाचता येतो.

'पाहिजे' नाही, 'मिळेल का'

शब्दांइतकाच महत्त्वाचा असतो तो सूर. आत शिरल्याबरोबर 'बुओनजोर्नो' म्हणायचं, संध्याकाळ झाली असेल तर 'बुओनासेरा'. याला सुट्टी नाही. नमस्कार न करता थेट ऑर्डर देणं तिथं उद्धटपणाचं समजतात. वेटरला बोलवायचं तर 'स्कूझी', म्हणजे 'माफ करा हं'. चुटकी वाजवणं, शुकशुक करणं एकदम बंद!

आणि मग येतो आपला हुकमी एक्का, 'वोर्रेई'. 'व्होल्यो' म्हणजे 'मला पाहिजे'. 'वोर्रेई' म्हणजे 'मला मिळालं तर बरं होईल'. पुण्यात दुकानदाराशी कुठल्या सुरात बोललं की माल मिळतो आणि कुठल्या सुरात बोललं की 'संपला' हे उत्तर मिळतं, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातला फरक समजावून सांगायला नको. 'वोर्रेई उन काफ्फे, पेर फावोरे' एवढं नीट म्हटलं, की समोरच्याचा चेहराच बदलतो.

मेन्यूकार्डाचा क्रमही समजून घ्या. 'आन्तिपास्तो' म्हणजे सुरुवातीचं चटरफटर, 'प्रीमो' म्हणजे पास्ता किंवा भात, 'सेकोन्दो' म्हणजे मांस-मासे, 'कोन्तोर्नो' म्हणजे बाजूची भाजी आणि शेवटी 'दोल्चे', गोड. सगळं मागवायची सक्ती नाही. शाकाहारी माणसानं एक प्रीमो आणि एक कोन्तोर्नो घ्यावं. पोट भरतं आणि खिसाही शाबूत राहतो.

व्हेज म्हणजे नक्की काय?

इथं खरी परीक्षा सुरू होते. 'सेंत्सा कार्ने', म्हणजे 'मांसाशिवाय', एवढं म्हणून भागत नाही. पास्त्यावर भुरभुरवलेले 'पान्चेत्ता'चे, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे काही वेटरांच्या हिशेबी मांसच नसतात, ती नुसती चव! मिलानची शान म्हणजे 'रिझोत्तो आल्ला मिलानेझे'. केशर घातलेला पिवळाधमक मऊ भात. बघून वाटतं, आपला केशरी भातच की! पण पारंपरिक पद्धतीत तो गोमांसाच्या पाण्यात शिजवतात, त्यात हाडातला मगजही घालतात. म्हणून माझा ठरलेला प्रश्न, 'के ब्रोदो उझाते?' म्हणजे 'कुठलं स्टॉक वापरता?' उत्तरात 'वेर्दुरे' आलं तर भाज्यांचं. 'मान्झो' आलं तर गाय-बैलाचं, 'पोल्लो' आलं तर कोंबडीचं. मिनेस्त्रोने सूपलाही हाच प्रश्न.

काही नावं घाबरवतात, पण असतात साधी. 'पिझ्झा मारिनारा'त मासे नसतात. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस्स. चीजसुद्धा नाही. 'पेपेरोनी' म्हणजे सॉसेज नव्हे, चक्क ढोबळी मिरची! 'आर्राब्बियाता'चा अर्थ रागावलेली, कारण त्यात लाल मिरचीचा ठसका असतो. आपल्या जिभेला तोच सॉस आवडतो. उलट 'पुत्तानेस्का'त अँचोवी मासळी लपलेली असते.

अंडं चालत नसेल तर 'पास्ता फ्रेस्का'बद्दल विचारा. ताज्या ताल्यातेल्लेत बहुतेक वेळा अंडं असतं, सुक्या स्पागेत्तीत सहसा नसतं. 'पान्ना कोत्ता' दिसतं दुधाचं, पण त्यात जिलेटिन असतं आणि ते बहुधा प्राण्यांचंच. अगदी कट्टर असाल तर चीजचाही प्रश्न येतो. अस्सल पार्मिज्यानो रेज्यानोसाठी दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तसा त्या चीजचा नियमच आहे. खायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण माहीत असून ठरवावं. मला विचाराल तर भाषा शिकायची ती एवढ्याचसाठी. दुसऱ्यानं ठरवलेलं निमूट गिळण्यापेक्षा आपलं आपण ठरवता आलं पाहिजे.

चॉकलेट केकमधलं गुपित

हे सगळं आवडीनिवडीपुरतंच आहे असं वाटत असेल, तर ही गोष्ट ऐका. आमच्या टीममध्ये नागपूरचा एक मित्र होता. काजू, बदाम, अक्रोड, काहीही चालत नाही. चुकून पोटात गेलं तर घसा सुजतो, श्वास अडकतो. इमर्जन्सीचं इंजेक्शन कायम बॅगेत. पठ्ठ्यानं अ‍ॅपवरून एक वाक्य पाठ केलं होतं, 'सोनो आल्लेर्जिको आल्ले नोची'. एका रात्री जेवणानंतर त्याला चॉकलेट केक हवा होता. वाक्य म्हणून झालं. वेटर हसून म्हणाला, नोची अजिबात नाहीत.

वेटर खोटं बोलत नव्हता. 'नोची' म्हणजे फक्त अक्रोड! केक होता 'तोर्ता काप्रेझे', काप्री बेटाकडचा. त्यात मैद्याऐवजी बदामाची पूड असते. मी विचारलं, 'चि सोनो मांदोर्ले?' वेटर म्हणाला, 'चेर्तो!' अर्थातच! माझ्या मित्राचा चमचा हातातच राहिला. 'आता फळं मागव ताई, तूच मागव,' एवढंच तो म्हणाला.

तेव्हा अशी अ‍ॅलर्जी असेल तर शब्द लक्षात ठेवा, 'फ्रुत्ता आ गुश्शो'. म्हणजे कवचातला सगळा सुका मेवा. शेंगदाणे त्यात धरत नाहीत, त्यांना 'आराकिदी' म्हणतात आणि ते वेगळे सांगावे लागतात. डिसेंबर 2014 पासून युरोपियन युनियनच्या नियमानुसार हॉटेलांना 14 प्रकारच्या अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावीच लागते. 'ल्यी आल्लेर्जेनी, पेर फावोरे' म्हणून ती यादी मागायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.

पाणी, कॉफी आणि बिल

बसल्याबसल्या वेटर पाण्याचं विचारतो. 'नातुराले' म्हणजे साधं, 'फ्रिद्झान्ते' म्हणजे बुडबुड्यांचं. दोन्हीचे पैसे पडतात. बिलात 'कोपेर्तो' नावाची माणशी एखाद-दोन युरोंची रक्कम दिसली तर भांडू नका, ते टेबलाचे आणि पावाचे. टीपची सक्ती नसते.

'बार' म्हणजे तिथं दारूचा गुत्ता नव्हे, सकाळच्या कॉफीचं ठिकाण. नुसतं 'काफ्फे' म्हटलं की एस्प्रेसो येते, दोन घोटांत संपणारी. नुसतं 'लात्ते' म्हटलंत तर ग्लासभर दूध येईल! बऱ्याच बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती, म्हणजे 'स्कोन्त्रीनो', घ्यायची आणि ती काउंटरवर दाखवायची. उभ्यानं प्यायलात तर स्वस्त, टेबलावर बसलात तर दर वाढू शकतो. काप्पुच्चीनो सकाळचा. जेवणानंतर मागितलात तर मिळेल, पण एवढं दूध भरल्या पोटी, असं म्हणून भुवया उंचावतील. दारू नको असेल तर संध्याकाळी 'आनाल्कोलिको' मागा. कडवट-गोड क्रोदिनो मला तर जाम आवडलं.

खिशात ठेवायला

सोनो वेजेतारियाना : मी शाकाहारी आहे (मुलगे म्हणतील वेजेतारियानो)
नॉन मांजो ने कार्ने ने पेशे : मी मांस-मासे खात नाही
चे उओवो? : अंडं आहे का?
पेर मे... : माझ्यासाठी...
इल कोन्तो, पेर फावोरे : बिल द्या प्लीज

एवढी पाच वाक्यं महिनाभर वापरली आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्रात्तोरियातल्या काकू मला बघितलं की आपणहून सांगायच्या, 'आज मिनेस्त्रोने नको, आज स्टॉक हाडांचा आहे.' परक्या गावात आपल्या जेवणाची काळजी करणारं एक माणूस मिळणं, याची किंमत घरापासून लांब राहिलेल्यांनाच कळेल. भाषा पूर्ण यायची वाट बघू नका. नमस्कार करा, 'वोर्रेई' म्हणा आणि बिनधास्त विचारा. बुओन आप्पेतीतो!