मुदत संपते ती कशाची?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क २००७ साली संपणार, ही आवई १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे इतकी पसरली की १९९८ मध्ये न्याय खात्याला जाहीर खुलासा करावा लागला. तो हक्क १८७०च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मिळालेला आहे आणि त्याला मुदत नाही.

मुदत होती ती १९६५च्या मतदान हक्क कायद्यातल्या काही कलमांना. घटनेत हक्क असला तरी साक्षरता चाचणीसारख्या क्लृप्त्या लढवून दक्षिणेतली राज्ये तो बजावू देत नसत. कायद्याआधी मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ७ टक्के लोकांची नावे मतदारयादीत होती. १९६७ पर्यंत ते प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात गेले. शिवाय कायद्यात पाचवे कलम होते. भेदभावाचा इतिहास असलेल्या भागांना निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे. मतदान केंद्र पलीकडच्या रस्त्यावर हलवायचे, तरी परवानगी हवी! हे कलम आधी पाच वर्षांपुरतेच होते. पुढे १९७०, १९७५, १९८२ आणि २००६ मध्ये ते वाढवत नेले गेले.

हा कायदा फक्त दक्षिणेसाठी आणि फक्त कृष्णवर्णीयांसाठी, असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अलास्का, ॲरिझोना, इतकेच काय, न्यूयॉर्कचे ब्रुकलिनसुद्धा मंजुरीच्या कक्षेत होते. १९७५च्या दुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण दिले. त्याच तरतुदीमुळे पुढे भारतीय वंशाच्या मतदारांसाठी क्वीन्समध्ये बंगाली, तर शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी मतपत्रिका आल्या. १९८२ची दुरुस्ती तर मुदतवाढीपेक्षा मोठी होती. भेदभावाचा हेतू सिद्ध करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये म्हटले होते. संसदेने दुसरे कलम बदलून परिणाम भेदभावाचा असला तरी पुरे, असे ठरवले. या कलमाला मुदतच नाही.

न्यायालयाने २०१३ मध्ये हा कायदा रद्द केला, हाही गैरसमजच. शेल्बी काउंटीच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झाले ते कोणत्या भागांना मंजुरी लागेल हे ठरवणारे सूत्र. पाचवे कलम पुस्तकात तसेच राहिले. फक्त ते लावायचे कुणाला, हे सांगणारे सूत्रच उरले नाही.

गंमत म्हणजे अलाबामातल्या याच काउंटीतल्या कॅलेरा शहराने प्रभागांच्या सीमा अशा बदलल्या होत्या की २००८ मध्ये तिथला एकमेव कृष्णवर्णीय नगरसेवक हरला. नव्या सीमांना मंजुरी नव्हती. निवडणूक पुन्हा घ्यावी लागली आणि तो निवडून आला.

२००६ची मुदतवाढ सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाली होती. सही रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची. नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांच्या नावाचे, नवे सूत्र आणू पाहणारे विधेयक मात्र २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ असे काठावर संमत झाले आणि सिनेटमध्ये अडकले.