काळेपांढरे रहस्य, रंगीत हसे

रहस्यकथा वाचताना श्वास रोखून धरायचा असतो, हसायचे नसते, अशी माझी समजूत होती. गावच्या वाचनालयातली बाबूराव अर्नाळकरांची पाने सुटलेली पुस्तके मी त्याच समजुतीने वाचली. यंदा इंग्रजीच्या सरांनी 'सिटी ऑफ एंजल्स' या अमेरिकन संगीत नाटकाची संहिता हाती ठेवली आणि ती समजूत पार बदलली. मित्रहो, त्या नाटकाची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

या नाटकाची मुळे अमेरिकेतील जुन्या हेरपटांत आहेत. डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीवरचा 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) आणि रेमंड चँडलरच्या कादंबरीवरचा 'द बिग स्लीप' (१९४६) हे त्यांतले दोन गाजलेले. दोन्हींत हम्फ्री बोगार्टने खासगी गुप्तहेर रंगवला. हा हेर शेरलॉक होम्ससारखा बुद्धीचा चमत्कार नव्हे. त्याची जीभ तिखट, कचेरी साधी. तो मार खातो, पण विकला जात नाही. एखादी श्रीमंत, सुंदर बाई दारात येते, खोटे बोलते आणि गुंता सुरू होतो.

लॅरी गेलबार्टने लिहिलेले हे नाटक १९८९ च्या डिसेंबरात ब्रॉडवेवर आले. संगीत साय कोलमनचे, गीते डेव्हिड झिपेलची. १९९० साली त्याला सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला व पावणेनऊशेहून अधिक प्रयोग झाले.

त्यातली युक्ती अशी. स्टाइन नावाचा लेखक आपल्याच कादंबरीची पटकथा करण्यासाठी हॉलिवूडला येतो. स्टोन हा त्याच्या कादंबरीतला हेर. लेखकाचे जग रंगीत आणि हेराचे जग जुन्या चित्रपटासारखे काळेपांढरे. दोन्ही एकाच रंगमंचावर. लेखक टंकयंत्रावर मजकूर खोडू लागला की काळ्यापांढऱ्या जगातली पात्रे उलटी चालू लागतात आणि प्रसंग नव्याने सुरू होतो! एकाच नटीने दोन्ही जगांत काम केल्यामुळे लेखक घरादारातल्या माणसांनाच कथेत कसा बसवतो, तेही उघडे पडते.

पण आपण हसतो ते कोणाला? हेराला नव्हे. त्याची ऐट गमतीची वाटते, तरी त्याचा ताठ कणा नाटककार मोडत नाही. हसू येते ते लेखकाला; कारण निर्माता म्हणेल तसा तो एकेक प्रसंग बदलत जातो. पहिल्या अंकाच्या शेवटी दोघे गाण्यातून भांडतात, 'माझ्यावाचून तू कोणीच नाहीस' म्हणून.

हे वाचताना मी हसलो आणि मग गप्प झालो. गेल्या वर्षी एका निबंधस्पर्धेसाठी मी वडिलांवर लिहिले होते. ते बाजार समितीत हमाली करतात. एका जाणकारांनी सुचवले, 'हमाल' काढा, 'श्रमदेवतेचा उपासक' घाला. मी घातले. बक्षीसही मिळाले. घरी वाचून दाखवले, तेव्हा अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "छान आहे. कुणावर लिहिलंयस रे?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

नाटकात शेवटी स्टाइन नकार देतो, तेव्हा स्टोन त्याच्या मदतीला धावतो आणि सारे चित्रपटासारखे गोड होते. ही नाटककाराची शेवटची थट्टा. खऱ्या आयुष्यात असा हेर येत नाही. खोडलेला शब्द ज्याचा त्यानेच परत लिहायचा असतो.

विडंबन म्हणजे नुसती टवाळी, असे मला वाटे. ज्यावर मनापासून प्रेम आहे, त्याचेच विडंबन चांगले साधते, हे या नाटकाने शिकवले. निबंध मी पुन्हा लिहायला घेतला आहे. त्यातले पहिले वाक्य आहे, 'माझे वडील हमाल आहेत.' सुटीत घरी गेलो की अण्णांना वाचून दाखवीन.